काशीआत्याच्या वाट्यातली बेणणी

मी शेतकीचा मास्तर. चिंचवडच्या शाळेत शेतकी आणि सृष्टिज्ञान असे दोन विषय शिकवतो. जन्म चऱ्होलीचा, त्यामुळे पाणी म्हणजे इंद्रायणीचं नाहीतर पवनेचं, एवढीच माझी ओळख. समुद्र पाहिलेला नव्हता. पण सृष्टिज्ञानाच्या पुस्तकात समुद्रकाठच्या प्राण्यांवर एक धडा होता आणि तो मी नऊ वर्षं बिनदिक्कत शिकवत आलो होतो. फळ्यावर शिंपला काढायचा, त्याला खालून एक जाडसा पाय काढायचा आणि सांगायचं की हा प्राणी या पायावर समुद्रात हिंडतो. नदीतल्या शिंपल्या वाळूत रेघ ओढत सरकतात हे मी लहानपणी पाहिलं होतं. समुद्रातल्याही तशाच सरकत असणार, यात मला शंका नव्हती. शंका घेणं हा माझा स्वभावही नाही.

शंका घेतली ती सखारामने. सखाराम रत्नागिरीकडचा. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना निघाला तेव्हा तो नोकरीसाठी आला आणि आमच्या पडवीलगतच्या खोलीत राहू लागला. एका रविवारी मी ओट्यावर बसून दुसऱ्या दिवसाच्या धड्यासाठी पुठ्ठ्यावर आकृती रंगवत होतो. तो शिफ्ट संपवून आला आणि डबा खाली न ठेवताच बघत उभा राहिला.

"मास्तर, ही काकय ना?"

काकय म्हणजे त्यांच्याकडचा खडकावरचा हिरवट शिंपला. मी हो म्हणालो.

"आनि ह्यो पाय कशाला?"

"चालायला."

सखाराम एवढा हसला की आमची मंडळी हातात लाटणं घेऊन बाहेर आली. "आवो मास्तर, काकय चालती कुटं! ती दगडाला दोरे बांधून बसते. जनम जातो तिचा एका जागी. काढायची तर कोयती लागते."

मंडळींनी आकृतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "नऊ वर्सं पोरांला काय शिकवलं मंग?" त्या म्हणाल्या. "जाऊन बघून या एकदाचं. न्हाईतर उद्या बैलालाबी पंख काढाल."

दिवाळीच्या सुट्टीत मी निघालो तो असा, पाठीवर हे वाक्य घेऊन. सखाराम बरोबर यायचा होता, पण कारखान्यात ओव्हरटाइम लागला. त्याने आपल्या आत्याच्या नावे चिठ्ठी दिली आणि चाकणच्या कांद्यांची एक गोणी दिली. "आत्या समदं दाखवील," म्हणाला. "तिच्याएवडा खडक कुनालाच कळत न्हाय."

पुणे, कराड, कुंभार्लीचा घाट, चिपळूण आणि मग आणखी एक गाडी. एसटीचा तो प्रवास ज्याने केलाय त्याला सांगायला नको आणि ज्याने केला नाही त्याला उगाच घाबरवायला नको. एवढंच सांगतो की घाटात गोणीचं तोंड सुटलं आणि चाकणचा कांदा सबंध गाडीभर गडगडत गेला. उतारूंनी वाकवाकून गोळा करून दिला. दोन-चार कांदे मात्र पुढे चिपळूणला कुणाच्या तरी कालवणात गेले असावेत.

दशमी

इथून पुढे मी तारखा देत नाही, तिथ्या देतो. का, ते लगेच कळेल.

तरीतून खाडी ओलांडून वाडीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काशीआत्या अंगणात जाळीचा फाटका तुकडा सांधत बसली होती. साठीच्या आतबाहेरची, ठेंगणी, काष्टा घट्ट मारलेला, आणि दोन्ही हातांवर पांढऱ्या ओरखड्यांचं जाळं. तिचा नवरा होडी घेऊन गेला तो वादळात होडीसकट राहिला, हे सखारामने सांगितलं होतं. मूलबाळ नाही. तिने मला नाव विचारलं नाही. गोणी हुंगली आणि म्हणाली, "चाकनचा! सक्याकडनं आलांव तुमी."

चिठ्ठी मीच वाचून दाखवली. चहा झाला. मी म्हणालो, "आत्या, खडक कुठंय? आत्ताच पाहून येतो."

"पान्याखाली."

"मग उघडा कधी पडतो?"

तिने बोटांची पेरं मोजली. "आज दशमी. धाय पावने साडेसात. साडेसातला भरती भरनार, दीडला ओहोटी. पन ती नावाला. सध्या भांग हाय, पानी लांब जात न्हाय. पुनवेला उधान. तवा दिसंल."

मी चाटच पडलो. आमच्या शाळेत पाऊणकी पोरांकडून घोकून घेतात आणि ती कशाला, असं पोरांनी विचारलं तर छडी दाखवतात. इथे एक अक्षरशत्रू बाई तिथीची पाऊणपट करून समुद्राची वेळ सांगत होती. रात्री साडेसातला मुद्दाम बंदरावर जाऊन उभा राहिलो. पाणी पायरीला टेकलं आणि थांबलं. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो असा, हातात घड्याळ धरून.

एकादशी ते त्रयोदशी

या तीन दिवसांत मी खडक पाहिला नाही, जेवलो मात्र भरपूर.

आमचं घर माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मासळी वर्ज्य. हे कळल्यावर आत्याने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी एकादशी होती, तेवढ्या उपासाच्या सवडीत तिने बाजारातून नवं मडकं आणलं, वेगळी चूल मांडली आणि आपली मासळीची भांडी मागल्या पडवीत नेऊन ठेवली. मग कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, आमसुलाचं सार. आमच्याकडे बाजरीची भाकरी आणि पिठलं असलं की माणूस दुपारपर्यंत ठाण मांडून राहतो. इथला भात दोन तासांत जिरतो आणि माणूस पुन्हा चुलीकडे बघू लागतो. आत्याला ते कळे. ती न विचारता घावण टाकी.

शेजारची भागी रोज काहीतरी निमित्त काढून मला बघायला येई. भागी चाळिशीची, तोंडाची फटकळ, घरात दोन होड्या.

"म्हावरं न्हाय, काकय न्हाय, खेकडा न्हाय," ती एकेक बोट दुमडत म्हणाली. "मंग तुमच्या गावाकडं मानसं जगतात कशावर?"

"कांद्यावर," मी म्हणालो.

तिने गोणीतले चार कांदे नेले. संध्याकाळी येऊन म्हणाली, "व्हय, जगता येईल." तिच्या तोंडून प्रशस्तिपत्रक मिळालं ते हे एकच.

चतुर्दशी

पहाटे साडेचारच्या ओहोटीला आत्याने हाक मारली. कंदील घेऊन वाडीतल्या सगळ्या बायका निघाल्या होत्या. मी नव्या चपला घातल्या होत्या. खडकाच्या कडेला आल्यावर, शेतात उतरताना बांधावर काढून ठेवतो तशा त्या एका उंचवट्यावर नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी उतरलो. परतताना पाहिलं तर बांधच नव्हता. एक चप्पल भागीला दुसऱ्या दिवशी अर्ध्या मैलावर सापडली, दुसरी अजून प्रवासात असेल.

पण त्याआधी उजाडलं तेव्हा मला चपलांची आठवणही नव्हती. काळा कातळ समुद्रात लांबवर गेलेला, आणि त्याच्यावर, वरून खाली, वेगवेगळे पट्टे. सगळ्यात वर बारीक गोगलगायी, तिळाएवढ्या. त्याखाली पांढरे खरखरीत फोड, ज्यांच्यावर पाय पडला की माणूस आपोआप देवाचं नाव घेतो. मग कालवं, दगडाशी दगड झालेली. आणि त्याखाली, जिथवर पाणी उतरलं होतं तिथवर, काकय. एकीला एक खेटून, टोकं वर करून, हजारोंनी. हिरवी किनार असलेल्या काळ्या शिंपल्यांचा सबंध उतार भरलेला. मी एक ओढून पाहिली. हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली. बोटं घसरली आणि मीच मागच्या डबक्यात बसलो.

"दोरे हायती तिला," आत्या म्हणाली. कोयतीचं टोक घालून तिने एक अलगद सोडवली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पोटातून सोनेरी तपकिरी धाग्यांची झुलपं लोंबत होती, मक्याच्या कणसाच्या केसांसारखी. नऊ वर्षं शिकवलेल्या पोरांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

मग तिने मला वाटे दाखवले. हा सगळा खडक एकाचा नाही आणि सगळ्यांचाही नाही. नारळी पुनवेला देवळात चिठ्ठ्या उचलतात आणि होडीवाल्या प्रत्येक घराला खडकाचा एकेक तुकडा वर्षभरासाठी मिळतो. हद्दी म्हणजे भेगा, आणि भेग नसेल तिथे टाकीने कोरलेली रेघ. बोटाएवढी झाल्याशिवाय काकय काढायची नाही. आणि बारीक बी जो नासवील त्याचा वाटा बंद.

"तुमच्या घरी तर होडी नाही," मी म्हणालो.

"न्हाय. होडी गेली तवा म्या देवळात जाऊन सांगितलं, होडी गेली पन नाव ऱ्हाऊ द्या. गावकारानं ठेवलं. लोक कुरकुरतात. आजून ठेवलंय."

"आणि वाटा एकदा बंद झाला तर पुढच्या वर्षी परत मिळतो?"

"होडीवाल्यांना मिळतो," ती म्हणाली आणि टोपली उचलून पुढे गेली.

पौर्णिमा

संध्याकाळची ओहोटी साडेपाचला. पंधरा पाऊणे सव्वा अकरा, तिथून सहा-सव्वासहा तास, हे आता मीही बोटांवर करू लागलो होतो आणि मोठ्याने करत होतो, म्हणजे बायकांना ऐकू जावं.

त्या दिवशी पाणी एवढं मागे गेलं की कधी न दिसणारा तळ उघडा पडला. मी आत्याकडे एक हट्ट धरला. काकयीचा एक अख्खा गुच्छ, ओंजळीएवढा, आहे तसा उचलून समुद्राच्या पाण्याने भरलेल्या परातीत ठेवायचा. तिने तेवढ्यासाठी मोठ्या काकयींचाच गुच्छ निवडला आणि दिला.

परात मांडीवर घेऊन मी बसलो. पहिली पाच मिनिटं काही नाही. मग गुच्छ हलू लागला. धाग्यांच्या जाळीतून करंगळीच्या नखाएवढे खेकडे तिरके चालत बाहेर आले. केसाळ कडांचे किडे, आमच्या गोमेची चुलत भावंडं, आत-बाहेर करू लागले. पाच बारीक हातांचा एक प्राणी एकेक हात लांबवत निघाला. त्याचा एक हात माझ्या बोटाला लागला आणि तुटून तिथेच वळवळत राहिला. प्राणी पुढे गेला. काळ्या दगडाच्या एका चिपेवर एक फूल उमललं होतं, त्याला काडी लावली तर लाजाळूसारखं मिटलं. फूल नव्हे, तोही प्राणीच. एका रिकाम्या शिंपल्याला सुबक गोल भोक होतं. "ही चोरटी," म्हणत आत्याने एक जाड कवचाची गोगलगाय उचलून दाखवली. ती शिंपल्यावर बसते, भोक पाडते आणि आतलं खाते, घाई अजिबात करत नाही. आणि एक जिवंत काकय उघडली तर तिच्या पोटात मऊ पांढुरका खेकडा, निवांत. भाडं ना पागडी.

मी मोजत होतो. सत्तावीस जातींपर्यंत आलो आणि अंधार पडला. एका ओंजळीत एवढी वस्ती! खडक नुसता उघडा असता तर लाट एका दणक्यात सगळ्यांना घेऊन गेली असती. काकयीने धागे बांधले म्हणून त्यांच्या आत गारवा राहिला, चिखल राहिला, लपायला जागा राहिली. मला इतका आनंद झाला की मी उठून बायकांसमोर व्याख्यान द्यायला लागलो. मध्येच कालवावर पाय पडून टाच फाटली. आत्याने हळद दाबली आणि म्हणाली, "आता बसून बोला."

पण व्याख्यान देताना एक गोष्ट डोळ्यात भरली होती. आत्याच्या वाट्यावर हिरवं, केसाळ शेवाळ दाट माजलं होतं. शेजारचा भागीचा वाटा मात्र लख्ख, नुसती काकय. शेजारणीचं रान स्वच्छ आणि आपल्या माणसाचं तणात गेलेलं, हे शेतकी मास्तराला कसं बघवणार? म्हातारीचं वय झालं, वाकणं होत नसेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पाच दिवस तिच्या वेगळ्या चुलीचं खात होतो. फेडायची संधी समोर दिसत होती.

प्रतिपदा

पहाटे सगळ्या बायका दूरच्या टोकाला कालवं फोडायला गेल्या. तिथे वाटे नाहीत, कुणीही काढावं. माझी टाच दुखत होती, म्हणून मी मागे राहिलो. आत्याची एक जुनी कोयती होती. सहाच्या ओहोटीला मी तिच्या वाट्यात उतरलो आणि कामाला लागलो.

कसं काम केलं म्हणून सांगू! चऱ्होलीच्या शेतात आईच्या हाताखाली तण काढायची जी बेणणी शिकलो ती सगळी तिथे ओतली. एका कडेने धरलं, पात धरून पुढे सरकलो, शेवाळ मुळापासून ओरबाडलं, दगड खरवडला आणि काढलेलं तण बांधावर, म्हणजे भेगेच्या कडेला, ढिगाने रचलं. काकयीला धक्का लागू दिला नाही. दीड तासात अर्धा वाटा आरशासारखा झाला. कंबर ताठ करून मी पाहिलं आणि स्वतःवर खूश झालो.

आत्या परत आली. मागे भागी आणि आणखी तिघी-चौघी.

"आत्या," मी लांबूनच ओरडलो, "तुमचा वाटा बेणून दिला!"

ती जवळ आली. ढिगाकडे पाहिलं. टोपली खाली ठेवली. शेवाळाची एक बट उचलून तिने उगवत्या सूर्याकडे धरली आणि मला म्हणाली, "बगा."

केसासारख्या त्या हिरव्या तारांना दाणे लागले होते. हिरवे, चकचकीत, मोहरीएवढे, काही तर राजगिऱ्याएवढे. शेकड्यांनी. प्रत्येक दाण्याला दोन नाजूक झाकणं. मी दुसरी बट उचलली. तिसरी. सगळीकडे तेच.

"पोरं हायती काकयीची," आत्या म्हणाली. "पावसाळा सरताना पान्यातनं येतात, पयलं शेवाळाला धरतात. मोटी झाली की खाली उतरून दगडाला बांदून घेतात. भागीच्या वाट्यात औंदा शेवाळ न्हाय, तवा बीबी न्हाय. माज्यात चांगलं पडलं व्हतं."

 आरशासारखा खरवडलेला तो दगड आता मला बघवत नव्हता. मागच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.  तेवढ्यात आत्याने दोन पोती समुद्रात भिजवली, सगळं शेवाळ त्यांत भरलं आणि पोती खडकातल्या खोल डबक्यात दगडाखाली दाबून ठेवली. कशासाठी, ते तिने सांगितलं नाही आणि विचारायचं माझं धाडस नव्हतं.

दुपारी देवळाच्या पटांगणात बैठक बसली. गावकार, म्हणजे वाडीचे प्रमुख, तात्या सत्तरीचे, तोंडात पान, बोलणं मोजकं. सगळी वाडी जमली होती. मी कडेला खांबाशी उभा होतो.

"बी नासलं म्हनं," तात्या म्हणाले. "कुनी काढलं?"

"मी," काशीआत्या म्हणाली.

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. बायकांना तिने आधीच बजावलं असावं, कारण सकाळी माझी आरोळी ऐकलेल्या भागीनेही मान खाली घातली.

"तुला ठावं न्हाय व्हय, शेवाळात बी आसतं?"

"ठावं हाय. डोळ्यांनी दिसत न्हाय आता नीट. नुसतं शेवाळ म्हनून खरवडलं."

खोटं बोलताना ती जरासुद्धा अडखळली नाही. आणि आता मी जे सांगतो ते लपवून ठेवण्यासारखं आहे, पण प्रवासवर्णनात नुसतंच खाणं आणि देखावे लिहिले तर तो लबाडपणा होईल. मला हायसं वाटलं. हो, हायसं. वाटलं, बाई शहाणी आहे. मी दोन दिवसांनी जाणार, मास्तर माणूस, चारचौघांत शोभा कशाला? हिचं हिचं गाव आहे, सांभाळून घेतील. असा मी खांबाला टेकून उभा होतो.

"मंग रीत हाय ती हाय," तात्या म्हणाले. "वाटा बंद. चुना आना रे."

बंद वाट्याच्या हद्दीवर चुन्याचा पट्टा ओढतात. एक माणूस चुन्याची परडी आणायला उठला. तो माझ्या अंगावरूनच गेला. आत्या हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती, पण तिचा उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. आज कुठली तिथी मोजत होती कोण जाणे.  होडी गेली तेव्हा हिने जे एकटीने येऊन मागून घेतलं होतं ते माझ्यामुळे जात होतं, आणि मी खांबाला टेकलो होतो.

"थांबा!" मी ओरडलो. शाळेतली भाषा कुठल्या कुठे गेली. "म्या काढलं! आत्या खोटं बोलती. तिनं हातबी न्हाई लावला. ती व्हती लांब टोकाला, या समद्यांनी बघितलंय. म्या तण समजून बेणलं!"



"तण?" तात्यांनी विचारलं.

"व्हय. तण."

"समुद्रात?"

पहिली भागी हसली. मग सगळी वाडी. पुरुष, बायका, चुना घेऊन आलेला माणूससुद्धा परडी खाली ठेवून हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खरं सांगतो, एवढं हलकंही कधी वाटलं नव्हतं. आत्या मात्र हसली नाही. ती रागाने माझ्याकडे बघत होती.

"पावन्याचं नाव कशाला लपवलंस, काशे?" तात्यांनी तिला विचारलं.

"माज्या घरचा पावना हाय. मास्तर हाय. गावात त्याची मान खाली जाऊ द्यायची व्हय मी?"

तात्यांनी पान थुंकलं. मग म्हणाले, "काशीचा वाटा चालू. पन मास्तर, तुमी पुना खडकावर उतरायचं न्हाय. आज न्हाय, कदीच न्हाय. वाळूवर बसा, चार दिस ऱ्हा, जेवा. खडकाला पाय लावायचा न्हाय."

मी मान डोलावली. सत्तावीसच्या पुढे किती जाती होत्या ते आता मला कधीच कळणार नव्हतं, आणि याचं मला वाईट वाटलं. पण तेवढ्यात डबक्यातली पोती आठवली.

"तात्या, एक विचारू? आमच्या मावळात भाताचं रोप उपटतात आणि दुसऱ्या वाफ्यात लावतात. रोप मरत नाही, ओलं राहिलं तर धरतं. ते बी अजून ओलं आहे. काथ्याच्या सुंभाने शेवाळाच्या मुठी भेगांत बांधून ठेवल्या तर? दोरे टाकेपर्यंत सुंभ धरून ठेवील."

"समुद्रात लावनी!" भागी म्हणाली. "आनि चिखलनीला बैल कुटनं आनायचं?"

पण आत्या उठली होती. तिने पोती कशासाठी भिजवली होती ते मला आता कळलं. मुठी बांधायचं तिला सुचलं नव्हतं, पण ते बी मरू द्यायचं नाही एवढं तिचं सकाळीच ठरलं होतं.

"करून बगा," तात्या म्हणाले. "मास्तर वाळूवर."

दुपारभर मी किनाऱ्यावर बसून मुठी वळल्या. पोत्यात हात घालायचा, अलगद बट काढायची, दाणे गळू न देता सुंभाचा सैल वेढा द्यायचा, परत ओल्या पोत्यात. शेजारी आत्या सुंभ कापून देत होती.  एकदाच ती म्हणाली, "बोलला नसतां तर चाललं आसतं." मी म्हणालो, "नसतं चाललं." ती पुन्हा सुंभ कापू लागली.

सहाला पाणी उतरलं. सूर्य टेकला होता. आत्या आणि भागी टोपल्या डोक्यावर घेऊन खडकावर गेल्या. भागी न बोलावता निघाली होती. मी वाळूच्या शेवटच्या काठाला उभा राहिलो, ओल्या वाळूवरसुद्धा पाय पडू नये म्हणून मागे सरून. त्या मुठी धरतील की लाटेबरोबर जातील ते कळायला पुढचा पावसाळा जावा लागेल. हे लिहितो आहे तेव्हाही ते कुणालाच ठाऊक नाही.

आत्या आपल्या वाट्यात पोचली. टोपली उतरवली, एक मूठ हातात घेतली आणि माझ्याकडे वळली. वारा समुद्राकडून होता, त्यामुळे शब्द स्पष्ट आले.

"मास्तर! पयली कुटं लावू?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. वरच्या अंगाने सुरुवात करा, वीतभर अंतर ठेवा, ओळ सरळ धरा. नऊ वर्षांची सवय. मी ते गिळलं आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो, "वाटा तुमचा हाय, आत्या! तुमी लावाल तिथं!"

 मग तिने भागीकडे पाहिलं, खरवडलेल्या दगडाकडे पाहिलं, आणि भागीच्या वाट्याला लागून असलेल्या हद्दीच्या भेगेपासून वाकून बांधायला सुरुवात केली.